सरतपास

चैत्र सरता सरता बारवेच्या बावीस पायऱ्या उघड्या पडल्या.
मी मोजत होतो.
रोज संध्याकाळी फिरायला म्हणून जायचो
अंबाजोगाईच्या त्या अंगाला, नाकाला रुमाल लावून.
गेल्या साली पाऊस बरा झाला होता,
पाण्यानं माझी बाजू राखली.
यंदा नाही.

तेविसाव्या पायरीवर सापडली ती,
गाळात तोंड खुपसून बसलेली, डाव्या पायाची, नऊ नंबर.
(उजवी परळीच्या राखेच्या तळ्यात आहे.
ते तळं आटत नाही.)
पुरवणी पंचनामा झाला. मीच म्हणालो,
लिहा, चप्पल मयताची.
हवालदारानं लिहिलं. अक्षर चांगलंय त्याचं.

मयत हणमंत तांदळे, मुद्रांक विक्रेता, वय बावन्न.
मागच्या तारखेचा स्टँप लागला की
सारं कोर्ट त्याच्या टपरीकडे बोट दाखवायचं.
मीही घेतला होता. एकच.
रिंगरोडचा प्लॉट, चुलतभावाचा अंगठा,
आणि चुलतभाऊ त्या तारखेला जिवंत होता
एवढंच दाखवायचं होतं.
मग तांदळे दर दिवाळीला घरी यायचा
पेढ्यांचा रिकामा पुडा घेऊन.
त्या रात्री पुडाही नव्हता.

आरोपी लिंबाजी मस्के, नगरपरिषदेचा पंपचालक.
पहाटे मोटार चालू करायला गेला,
तरंगताना पाहिलं, पळत ठाण्यात आला.
आधी ओरडतो तो आधी सापडतो,
वीस वर्षांत मला पाठ झालेलं हे एकच कलम.
आठवड्याआधी नळपट्टीवरून दोघांचं वाजलेलं.
पाच साक्षीदार. पाचही खरं बोलले.
त्याची बायको लिंबाखाली डबा घेऊन बसते,
कोर्टाच्या आत डबा चालत नाही.
मी एकदा म्हणालो तिला,
ऊन फिरलं, सावलीत सरका वहिनी.

साक्षीदार नंबर नऊ मी वगळणार होतो.
न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
"मयताचीच, हे म्हणतंय कोण?
गेटवरच्या त्या म्हाताऱ्याला बोलवा ना."

निवृत्ती सोनवणे. पायताणं शिवतो,
चाळीस वर्षं, याच गेटाशी.
शपथ झाली तरी हात जोडलेलेच ठेवले त्यानं.
मी मुद्देमाल पुढे केला, लाखेचं सील, प्लॅस्टिकची पिशवी.
त्यानं पिशवीवरूनच अंगठा फिरवला.
टाचेपाशी थांबला.
"टाका मपला हाय, सायेब. मेणाचा दोरा."
स्टेनोची बोटं चालत होती.
"ह्या माणसाची टाच एका अंगानं झिजती.
म्हून दुहेरी घातला."
मग मान खाली घालून
त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं.

दोन भादव्यांपासून मी बूट घालतो.
काळे, नाडीचे. बायको म्हणाली होती,
उन्हाळ्यात पाय शिजतील.
बुटांनाही टाच असते, हे तिनं सांगितलं नाही.

पुढचा प्रश्न शाळकरी पोरालाही सुचला असता.
पहिल्या वर्षी सीनियर शिकवायचे,
उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न विचारू नये.
उत्तर ठाऊक असेल तर काय करावं,
ते सांगायच्या आधीच गेले.
फितूर जाहीर करता आलं असतं म्हाताऱ्याला.
पण कुणाला फितूर?

"सरतपास संपला," मी म्हणालो.
आवाज नेहमीचाच होता. मी नीट ऐकला.

फरहाना इनामदार उठली. मोफत विधी सेवेची पोरगी,
सहा महिन्यांची सनद, बँड वाकडा.
आठही साक्षीदारांना तिनं एकच म्हटलं होतं,
उलटतपास नाही.
आता तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही,
टेबलाखाली पाहिलं.
"एकच प्रश्न, मॅडम."

तेवढ्यात लाइट गेली.
पंखा हळू हळू होत थांबला,
आणि बाहेर लिंबाखाली
डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज
आतपर्यंत आला.

साक्षीदारानं घसा साफ केला.