वजा त्र्याहत्तर

ड्रोन उतरला तेव्हा
रुफिना तारोच्या खड्ड्यात गुडघाभर उभी होती,
खारवून कुजलेला कंद हुंगत.
"बघितलंस ना वरून? किती उंच आहोत आम्ही?"

पडद्यावर चर्चच्या पायरीची उंची होती : ७४.६१.

तिचा नातू बोनिफेस माझ्या काखेतून डोकावला.
चौऱ्याहत्तर!
म्हणजे नारळावर नारळ, त्यावर अजून एक नारळ!
आणि धक्क्याकडे सुटला, सांगायला.
मी त्याला हाक मारली नाही.
बॅटरी गरम झाली होती, ती आधी काढली.

उपग्रहाला समुद्र माहीत नाही.
त्याने पृथ्वीच्या जागी एक चपटा गोल धरलाय,
गणिताने घासून गुळगुळीत केलेला,
ज्यावर कुणी होडी ओढलेली नाही.
तो तिथून मोजतो.
आणि इथे, बोगनविलच्या या बाजूला,
खोलवरचा जड खडक पाणी स्वतःकडे ओढून धरतो;
त्या गोलावर समुद्र त्र्याहत्तर मीटर फुगून उभा आहे,
कुणालाही चढ न दाखवता.
आपण आपलं म्हणतो, समुद्रसपाटी.

रात्री जनरेटरच्या धडधडीत जिऑइडची फाईल उघडली.
७४.६१ वजा ७३.१८.
असंच प्रत्येक बिंदूतून, चार लाख बिंदू :
शाळेतून, विहिरीच्या काठातून,
बोनिफेसच्या आजोबाच्या थडग्यातून.
संगणकाला अकरा सेकंद लागले.

मागच्या खेपेचा अहवाल बुकाच्या कार्यालयात आहे.
त्यात ही वजाबाकी राहून गेली होती.
समासात शेरा : गाव पुरेसे उंचावर, भिंतीची आवश्यकता नाही.
खाली सही. सहीवर शिक्का.

सकाळी रुफिनाला सांगितलं, एक मीटर त्रेचाळीस.
तिने तळहात हवेत आडवा धरला,
छातीपासून जरा वर नेला,
मग तसाच बाजूला सरकवला, बोनिफेसच्या डोक्यावरून.
डोकं खालून गेलं, हाताला लागलं नाही.

"हं," ती म्हणाली. "फेब्रुवारीत पाणी पायरीला लागलंच होतं."
आणि परत खड्ड्यात उतरली,
एखादा तरी कंद धड निघतो का बघायला.

बोनिफेस मात्र हटेना.
उरलेले त्र्याहत्तर कुठे गेले?
मी म्हटलं, ते आपले नव्हतेच, पाण्याचे होते.
तो बराच वेळ धक्क्याकडे बघत राहिला.
"पण मी तर सगळ्यांना सांगून बसलोय."