दुरुस्ती, भाग एकतीस

रात्री अकरा चाळीसला शेजारच्या म्याकलांचे माग थांबतात.
मग माझी वेळ सुरू होते.
सात चादरी खिळ्यांना टांगायच्या.
सगळ्या सेकंड: एकीच्या मोराला डोळा नाही,
एकीची किनार मध्येच रंग विसरली.
त्यांच्या तंबूत, पंखा बंद करून,
एप्रिलमध्ये, सोलापुरात,
हनुवटीवरून घाम गळताना म्हणायचं,
नमस्कार, मी सुगुणा येमुल.

पुण्याचे लोक विचारतात, स्टुडिओ कुठं आहे?
सांगते, विणकर वसाहतीत. साउंडप्रूफ आहे. सुती.

सुरुवात तापमानानं झाली.
पेपरात अकरा वर्षं रोज संध्याकाळी एक फोन,
कमाल किती, किमान किती.
चौकटीत आकडा, शेजारी घाम पुसणारा सूर्य.
एकदा विचारलं, हा आकडा नेमका कुठल्या सावलीतला?
आणि उसना थर्मामीटर घेऊन पत्र्याच्या शेडात गेले.
बाहेर त्रेचाळीस. आत, दुसऱ्या मागापाशी, सत्तेचाळीस.
संपादक म्हणाले, येमुल, तुम्हाला बातमी सापडत नाही,
प्रश्न सापडतो.
ते कौतुक नव्हतं. मी तसं धरलं.

आमच्या घरात प्रश्न तेलुगूत पडतो, एंदुकु?
उत्तर मराठीत सांगावं लागतं,
आणि ज्यात ते सापडतं तो शोधनिबंध इंग्रजीत,
पैसे भरल्याशिवाय उघडत नाही.
लेखकाला मेल करायचा. बहुतेक जण पाठवतात.
एकीनं तर फिनलंडहून उलट विचारलं,
तुमच्याकडे माठ खरंच इतका गार राहतो?
तो भाग आठ.

भाग चौदाला नन्नजला गेले, माळढोकासाठी.
दोन दिवस. दिसला नाही.
चाळीस मिनिटं नुसतं गवत रेकॉर्ड झालं,
मध्ये वनरक्षक हिप्परगींचा एक खोकला.
जसंच्या तसं लावलं.
त्रेसष्ट जणांनी ऐकलं. शेवटपर्यंत, एकवीस.
त्या एकवीस जणांना भेटायला मला आवडेल.

आणि भाग तीस. कान.
पंच्याऐंशी डेसिबलपर्यंत आठ तास चालतं, मी म्हणाले,
मागाच्या खोलीत पंच्याण्णव,
म्हणजे दहानं जास्त, थोडंच.
थोडंच, असं म्हणाले मी.
ज्या घरात नायना चौतीस वर्षांच्या मागानंतर
कुकरची शिट्टी वाफेवरून ओळखतात,
त्या घरात बसून.

बार्शीच्या एका निवृत्त मास्तरांचं पोस्टकार्ड आलं.
बाई, डेसिबलचा जिना वेगळा असतो.
दहानं नव्हे, दहापट.
खाली आशीर्वाद, आणि लॉगचं एक सुबक गणित.

कार्ड घेऊन दोन दिवस फिरले.
कुणी ऐकलंय, असंही मनात आलं.
एकशेदहा लोक. त्यातले कितीजण जागे.

तिसऱ्या दिवशी नायनांसमोर बसले,
चेहरा उजेडाकडे करून, सावकाश.
मागवाले सगळेच ओठ वाचतात.
दहापट, म्हणाले मी.
त्यांनी बोटं पसरली, दहा, आणि माझ्याकडे बघितलं.
मग कडक भाकरी मोडून चटणीत बुडवली,
चावून झाल्यावर बोलले, नेहमीसारखे फार मोठ्यानं,
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.
दोरा तुटलेला दिसला का तुला?
दिसला.
मग माग चालू कसा?

आज रात्री चादरी टांगल्या.
अकरा चाळीस झाले, म्याकलांचा शेवटचा धोटा थांबला.
भाग एकतीस. आधी दुरुस्ती, असं म्हणताना
दोन चादरींच्या फटीत एक डोळा दिसला,
बिनडोळ्याच्या मोराच्या अगदी शेजारी.

मी माईकपासून मान वळवली, ओठ दिसतील एवढी.

तिथं माझा आवाज थोडा लांब गेलाय, तीनेक वाक्यं.
एडिटमध्ये सरळ करता आला असता.
ठेवलाय.