गाळलेल्या जागा

बूथबेच्या धक्क्याला बर्फ चिकटलंय
आणि संध्याकाळी पाचला खिडकी बंद होणार आहे.
ही काचेची नव्हे. ती दुसरी,
वॉशिंग्टनमधल्या कुठल्याशा सर्व्हरवरची,
जिच्यातून मी पंधरा पानं आत सरकवणार आहे:
मेनच्या आखातातला कर्ब कोण खातं, किती खातं,
आणि उरलेला कुठे जातो.

पंधराच. सोळावं पान झालं
तर सगळं बाड न वाचता परत.
म्हणून काल रात्री आधी विशेषणं काढली.
मग 'कदाचित' काढले, एकोणीस निघाले.
समुद्राबद्दल इतक्या खात्रीनं
मी जन्मात कधी बोलले नव्हते.

मी जालन्याची. बारा दिवसांनी नळाला पाणी यायचं,
आई हंड्यांवर खडूनं वार लिहायची.
समुद्र पाहिला तो विसाव्या वर्षी,
आणि सुचलं ते एवढंच, की हे मोजायचं कसं?
गेल्या वर्षी समितीनं लिहिलं, 'फार छान. पण पुढे काय?'
आता मला त्यांची भाषा कळते:
'फार छान' म्हणजे नाही,
'उत्कृष्ट' म्हणजे बघू.

पलीकडे लोर्ना थिबोडो पाणी गाळतेय.
दोन लिटर, काचेच्या नरसाळ्यातून,
खाली रुपयाएवढी पांढरी चकती,
पंपाची म्हाताऱ्या मांजरासारखी घरघर.
चकतीवर उरतो चहाचा असावा तसा डाग:
काचेची घरं बांधणारे लाखभर जीव.
ती चिमट्यानं घडी घालते, फॉइलमध्ये ठेवते,
वर पेन्सिलीनं तारीख. शाई फसवते, म्हणते.
सोळा वर्षं, दर मंगळवारी,
वादळाचे दोन मंगळवार सोडून.
आलेखात तिथे दोन भोकं आहेत.
बाकी एकही ठिपका माझ्या हातचा नाही.

बजेटच्या रकान्यात मात्र ती
'तंत्रज्ञ, साडेचार महिने'.
आणि बेरीज अकरा हजार डॉलरनी जास्त.

ती गाळते. मी गाळते.
मराठीत दोन्हीला एकच क्रियापद आहे,
हे तिला कसं सांगू?
शाळेत प्रश्न असायचा, गाळलेल्या जागा भरा, गुण पाच.
गाळल्या कुणी, हे कुणी विचारत नसे.

साडेचारच्या जागी तीन लिहिलं.
बेरीज बसली.
कर्सर लुकलुकत राहिला, तीनच्या पुढे.

मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.
ओल्या हातमोज्यांचा वास आला.
'सरक,' म्हणाली. 'कात्री माझ्याकडे दे.
मी सार्डिनच्या कारखान्यात नऊ वर्षं डबे भरलेत.
आधी डोकं जातं. मग शेपूट.'
आणि माझा उन्हाळ्याचा एक पगार, डोकं.
होनोलुलूची परिषद, शेपूट.
तीनचे पुन्हा साडेचार झाले.
'मधलं डब्यात,' म्हणाली, आणि पंपाकडे गेली.
तीनशे डॉलर उरले. त्यात फॉइल येईल.

चार एक्कावन्नला पाठवलं.
'तुमची खात्री आहे?' सर्व्हरनं विचारलं.
मी हो म्हटलं. दुसरा पर्याय नव्हता.

उत्तर यायला सहा महिने.
तोवर वरून कर्ब पडत राहील, अंधारात, हिमासारखा,
शंभरातला एखादा कण तळ गाठेल.
आठव्या पानावर हे मी आकृतीसकट दिलंय,
तेव्हा ते समुद्राबद्दलच होतं.

सात वाजता, भरतीचं पाणी धक्क्याखाली वाजत असताना,
पुन्हा एकदा फाइल उघडली.
तिसरं पान, तळटीप, बारीक अक्षर:
एक 'कदाचित'
गाळायचा राहिला होता.