आरपार दगड

नववीत भूमितीचं पुस्तक उशिरा मिळालं.
आधी मिळाली बारा गाठींची एक सुतळी
आणि हैदर मिस्त्री.

केरबानं टोक धरलं,
तीन गाठींवर दैवशाला, पुढं चार मोजून मी,
उरल्या पाच त्या माझ्या नि केरबाच्या मधे ताणल्या.
"हलू नका," मिस्त्री म्हणाले, "कोपरा जन्माला यायलाय."
औशाच्या त्या काळ्या रानात
दैवशालाच्या अंगठ्याशी तो आला,
नव्वद अंशांचा,
कुणी नाव ठेवायच्या आधीच.

मग पाया. काळी माती फसवी,
मुरूम लागेपर्यंत खणा.
आम्ही खणलं. पुस्तकांच्या खोलीसाठी खणत होतो
आणि पुस्तकं अजून पेट्यांत, मुलींच्या खोलीत, माझ्या खाटेखाली.

सकाळी रुळाच्या तुकड्यावर घण पडायचा, तीच घंटा.
टँकर मंगळवारी, म्हणून भांडणं सोमवारी.
भाकरीची पाळी पोरांनाही होती;
इरफानच्या तव्यावर रोज उस्मानाबाद जिल्हा भाजायचा,
परांड्याकडून नेहमी करपलेला.
विज्ञानाच्या दादांना बघायचं होतं
कळीचा चुना भिजवल्यावर किती तापतो.
थर्मामीटर घातला.
वहीत आहे अजून: निरीक्षण – फुटला.

"दगडाला तोंड असतंय," मिस्त्री सांगायचे,
"ठोकायच्या आधी फिरवून बघा, कुठं बघायलाय त्यो."
आणि दर दोन हातांवर एक दगड असा
जो या अंगालाही दिसेल, त्या अंगालाही.
"भिंत दोन पदराची. मधे नुसता भराव.
पदरानं पदराला धरलं नाही तर मग एखाद्या पहाटे..."
तिथंच थांबले ते.
आम्ही सगळी तेरणेकाठची.
पुढचं वाक्य ज्याच्या त्याच्या घरी होतं.

चौथ्या दिवशी माझ्या भिंतीनं पोट काढलं.
मिस्त्री रागावले नाहीत.
ओळंबा टांगला आणि चहाला गेले.
तो हलायचा थांबेपर्यंत मी बसून राहिले.
दोन बोटं.
सुटीचे दिवस नव्हते, रडायला जागाही नव्हती,
प्रार्थनेची घंटा झाली, गेले नाही,
एकेक दगड उतरवून खाली ठेवत राहिले
जिथून उचलला होता साधारण तिथंच.
अंधार पडता पडता दैवशाला आली,
काही न विचारता चिखल कालवायला लागली.

फेब्रुवारीत पालक आले.
बाबाही आले, वसाहतीतून,
जिथं सरकारी घर आहे, पक्कं,
आणि ते झोपतात अंगणात.
पावसात उंबऱ्यावर, एक पाय बाहेर ठेवून.
आई हसते. ते नऊ वर्षांचे होते तेव्हा.
त्या पहाटेचं एवढंच सांगतात:
गणपती बुडवून आलतो, पायाची ओल वाळली नव्हती.

माझं गुणपत्रक त्यांनी घडी करून खिशात ठेवलं,
वाचलं नाही.
भिंतीला बोटाच्या पेरांनी ठोकून बघितलं.
"ह्यात आरपार किती?"
"सतरा."
बाहेरून मोजले त्यांनी, ओठ हलवत.
मग चपला काढून आत गेले
आणि आतून मोजले.

तिथंच बसले, पाठ टेकून.
फडक्यातली भाकरी सोडली, ठेचा, कांदा.
अर्धी खाल्ली असेल.
हातातला घास हातात
आणि मान हळूहळू माझ्या थराकडे कलली,
त्याच, दुसऱ्यांदा रचलेल्या.

दुपारची घंटा इरफानकडे होती.
घण वर गेला होता त्याचा.
मी दारातून हात दाखवला.

त्या दिवशी दुपारचे तास अकरा मिनिटं उशिरा भरले.
वहीत कारण लिहिलेलं नाही.