दोनशे बारा प्रेक्षक

जेवणाच्या सुट्टीत, पॅकिंगच्या टेबलावर,
मी मोबाईल टेकवला टॉवेलांच्या थप्पीला.
पात्रता फेरी, पहिली. गट क.
एकच कॅमेरा, समालोचक नाही,
माईकमध्ये नुसता वारा
आणि कोपऱ्यात आकडा: पाहणारे दोनशे बारा.
त्यातली एक मी, अक्कलकोट रोड, एमआयडीसी,
केसांत कापसाची लव.
डब्यातली कडक भाकरी आमटीत भिजेपर्यंत
आपले तीन गोल झाले होते.

नागमणी येलदी बाकावर.
राखीव गोलकीपर. पडद्याच्या कडेला
तिचा फक्त गुडघा येतो, तोही मधूनमधून,
पण तो मी ओळखते.
होम मैदानावर सोललेला आहे तो,
मीच मारलेला चेंडू अडवताना.
गड्ड्याचे पाळणे उतरले की
खिळे आणि नारळाच्या करवंट्या वेचून
आम्ही चुन्याने गोल आखायचो.
पास मराठीत मागायचा,
शिवी तेलुगूत द्यायची,
आणि मुजावर सर दोन्हीवर दखनीत ओरडायचे.
मी पुढे खेळायचे. ती मागे.
"लई जोरात मारतीस बे," म्हणायची,
आणि उभी राहायची, पुन्हा मार म्हणून.
मग माझं लग्न ठरलं, मोडलं,
तेवढ्यात निवड चाचणी होऊन गेली.

समोरचा देश म्हणजे
नकाशावर सांडलेले तीळ.
त्यांच्यात, मुजावर सरांनी कळवलंय,
दोघी शिक्षिका, एक मासळी विकते,
आणि गोलकीपर पोस्टात कामाला.
सहा-शून्य. सात-शून्य.
आपल्या पोरी आता नाचतही नाहीत,
चेंडू काखेत मारून मध्यावर पळतात,
कारण गटात बरोबरी झाली तर
गोलांचा फरक मोजतात म्हणे.
मोजणं मला कळतं.
दिवसाला सहाशे नग, डझनाची घडी,
एक सूत उसवलं की 'सेकंड'च्या ढिगात.

पण ती पोस्टातली बाई.
आठ वेळा वाकली जाळ्यात,
नऊ वेळा.
दहाव्याला तिने आधी बुटाची नाडी बांधली
मग चेंडू काढला.
घाई नव्हती तिला.

पंच्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी. आपल्याला.
घास हातातच.
आपली दहा नंबर धावत आली
आणि माझा जीव पलीकडच्या जाळ्यापुढे जाऊन उभा राहिला,
मला न सांगता, देश न विचारता.
डावीकडे, डावीकडे गं बाई—
ती डावीकडे पडली.

मी अशी ओरडले की
सुपरवायझर इराबत्ती धावत आला.
"काय झालं बे, जिंकलो?"
"ते कधीच. हिने अडवला."
"हिने म्हंजे कुणी? आपल्या?"
मी मोबाईल पालथा घातला.

सरळ केला तेव्हा शिट्टी होऊन गेलेली.
आपल्या पोरींचा घोळका एका बाजूला,
आणि नागमणी एकटी चाललेली
त्या दुसऱ्या गोलाकडे.
अख्खी दिसली, पहिल्यांदाच.
हातात पांढरा टॉवेल.
आपल्याकडचा होता का तो?
दिवसाला सहाशे घड्या घालते मी,
आणि मला सांगता आलं नाही.
मग चित्र बंद पडलं.

रात्री पाचव्या दिवसाचं पाणी आलं.
कळशी नळाखाली असताना तिचा मेसेज:
"खेळवलं नाही. बुधवारी दुसरी मॅच.
तिचं नाव विचारलं, मला म्हणताच येईना बे.
शेंगाचटणी संपली."

ओल्या अंगठ्याने मी लिहिलं,
गुडघा दिसला.