बावीस कॅरेट

विट्यात, मायणी रस्त्याला,
आकारामनाना अजून मूस पुसतात.
धंदा बंद होऊन बारा वर्षं झाली.

गावचे गलाईवाले कोण लुधियान्याला, कोण कोचीनला,
नाना तेवढे नैरोबीत,
रिव्हर रोडच्या मागं, एका कच्छी सोनाराच्या पडवीत.

"तिथं एक पक्ष हुता, कानू. चिन्ह कोंबडा.
गोऱ्यास्नी घालवलं त्यानं. म्हंजी, त्यानं बी.
मग एकोणचाळीस वर्सं त्योच आरवला,
लोकास्नी वाटाय लागलं,
ह्यो आरवतोय म्हनूनच उजाडतंय."

एक बोट वर केलं की सलाम.
बाजारात बोट, शाळेत बोट, मयताला गेलं तरी बोट.
अठ्ठ्याऐंशीत तिकीट कुणाला, ते ठरवायला
मतपेटीच नको म्हणाले.
उमेदवाराच्या फोटोमागं रांग धरा, उघड्यावर,
रॉकेलला धरतो तशी.
नाना फळीच्या फटीतून बघत होते.
लांब रांग हरली.

मोजणारा साहेब आठवड्याभरानं
बायकोच्या बांगड्या कसाला लावायला आला.
नाना म्हणाले, अठरा.
साहेब म्हणाला, बावीस लिही.

इथं नाना थांबतात, चुन्याची डबी शोधतात.
डबी हातातच असते.
"लिवलं," म्हणतात.

दोन हजार दोनच्या डिसेंबरात कोंबडा पडला.
जानेवारीत बिल्ले आले, पोत्यानं,
सोन्याचे म्हणून छातीवर मिरवलेले.
मुशीत टाकले, सवागी टाकली, भाता मारला.
वरचं पाणी उडालं, खाली पितळ.
"निम्म्यात पितळ बी न्हाई. जस्त."

शेवटी एक म्हातारा, टायरच्या चपला.
त्याचा बिल्ला त्रेसष्टचा, पत्र्याचा,
तुरा बोटांनी झिजलेला.
वितळवू नको, म्हणाला, नुसतं वजन सांग.
गुंजेला हलणारा काटा.
चार ग्रॅम, दोनशे मिली.
म्हाताऱ्यानं आकडा तळहातावर लिहून घेतला
आणि विचारलं, किती द्यायचे?
नानांनी घेतले नाहीत.
"घ्याला पायजे हुतं. राग आला त्येला."

बाहेर नगरपालिकेच्या प्रचाराची रिक्षा
तेच गाणं तिसऱ्यांदा वाजवत गेली.
मी खिशावरचा पॅनेलचा बिल्ला
हळूच काढायला लागलो.
नानांनी मुशीवरची नजर उचलली नाही.
"ऱ्हाऊ दे," म्हणाले,
"बावीसच लिवतो."