कमरेइतकं घर

रस्त्यावरचा बर्फ विरघळला,
व्हेंता नदी पुलाच्या गुडघ्यांना लागली,
आणि मी खिडकीच्या दोन तावदानांमधला कापूस काढला.
पाच महिने थंडी अडवून अडवून तो राखाडी झाला होता.
त्यात तीन माश्या, पाठीवर पडलेल्या,
आणि थोडा नोव्हेंबर.

फक्त खालच्या खिडकीतला काढला.
वरचा राहिला.

विहिरीपाशी घसरले त्या दिवसापासून
घराची वाटणी झाली आहे :
गुडघ्यापासून खांद्यापर्यंत माझं,
वरचं कोळ्यांचं,
खालचं ज्याला वाकता येईल त्याचं.
भांडण नाही. कोळी शब्दाला पक्के आहेत.

व्यायाम शिकवायला झानेता येते.
म्हणते, दिवसातून दहादा खुर्चीतून उठा, वेल्ताबाई,
उठा, बसा, मोजा.
मी उठणं मोजत नाही, टोमॅटो मोजते.
दह्याच्या रिकाम्या डब्यांत अठ्ठावीस रोपं,
दोन पानांची, मान तिरकी करून उजेडाकडे बघणारी.
पाण्याचा तांब्या मुद्दाम खोलीच्या त्या टोकाला ठेवलाय.
एका फेरीत चार चमचे, त्याहून जास्त हात धरत नाही.
म्हणजे सात वेळा उठणं झालं,
आणि सांडलेलं पुसायला आठवं.

जमीन मी पायांनी पुसते.
आर्विद्सचे जुने लोकरी मोजे ओले करून घालायचे,
चाकांच्या खुर्चीत बसायचं,
आणि फळी फळी मागे सरकत जायचं.
उजवा पाय कामाचा.
डावा प्रत्येक फळीशी वाद घालतो.
दारापर्यंत पोचते तेव्हा समोर सगळं चकचकीत
आणि मी उंबऱ्यात अडकलेली,
वाळेपर्यंत.
बसून राहते. घाई कोणाला आहे?

शेजारचा रेनार्स भूर्जाच्या रसाची बरणी आणून देतो.
अकरा वर्षांचा आहे, बोलायला महाग.
बाटल्या मी भरते, प्रत्येकीत चार मनुका, एक लवंग,
बुचांवर दोरी तो बांधतो
कारण माझ्या अंगठ्याला गाठ आता ऐकत नाही.
खुर्चीवर चढून वरचा कापूस काढू का, विचारतो.
उद्या, म्हणते मी.
कालही उद्याच म्हटलं होतं.

आज टेबलाचे पाय पुसायला घेतले.
माझ्या हद्दीत येतात, निम्मे तरी.
फडकं हातातून निसटलं, टेबलाखाली गेलं,
काठीने ओढायला पुढे झुकले,
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा
टेबल खालून पाहिलं.

तिथे निळ्या खडूने काढलेलं एक घर.
धूर सरळ वर जाणारा.
दारात तीन माणसं आणि त्यांच्याहून मोठी कोंबडी.
खाली वाकडी अक्षरं, नावातलं एक उलटं :
दाइगा राहते इथे.

किती दुपारी ती टेबलाखाली लपून बसायची,
आणि मी वर कणीक मळत,
ओरडायचे, बाहेर ये, पिठात पाय पडेल.
कुठे होतीस विचारलं की म्हणायची,
कुठे नाही, बसले होते.

फडकं काठीने ओढून घेतलं.
तेवढा भाग पुसला नाही.

संध्याकाळी आयर्लंडहून फोन आला.
स्टुलावर चढली नाहीस ना?
नाही.
खिडक्यांचं राहू दे, मी जूनमध्ये येऊन करीन.
बरं.
मग दिवसभर काय केलंस?

माझ्या मांडीवर मोड आलेले बटाटे होते,
लांब मोडांचे वेगळे, आखूड वेगळे,
खालच्या स्वच्छ काचेतून ऊन माझ्या पावलांपर्यंत आलेलं,
वरच्या काचेत अजून हिवाळा,
आणि त्या हिवाळ्यातून अंधुक, पांढरा,
चिमणीवर आलेला करकोचा.

काही नाही, म्हटलं मी.
बसले होते.